पुष्पावतीबाईंच्या तोंडचं परकं बोलणं

कोल्हारच्या आसपासच्या दहा-बारा गावांत पुष्पावतीबाईंचा चेहरा ओळखणारी माणसं थोडी, पण आवाज ओळखत नाही असं घर सापडायचं नाही. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर बाई गावच्या छोट्या रेडिओ केंद्रावर सहज म्हणून गेल्या आणि अकरा वर्षं तिथल्याच होऊन बसल्या. रोज सकाळी सातला, लोक डेअरीवर दूध घालायला निघाले की बाई बोलू लागत. गाईच्या कासेपासून सुनेच्या माहेरपणापर्यंत कशावरही. दुसऱ्यालाही बोलू देत. एकानं माईकवरून कारखान्याच्या चेअरमनचा उद्धार केला, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "नाव-गाव सांगून बोला, म्हंजे झालं."

केंद्राला कार्यक्रम कायम कमी पडत. त्यामुळे दिल्लीच्या एका संस्थेकडून एका परक्या देशातल्या शेतीवरची लिखाणं फुकटात येऊ लागली, तेव्हा केंद्र चालवणाऱ्या कल्याणला घबाडच मिळालं. मराठी मात्र अशी, की वाचता वाचता घशाला कोरड पडावी. पुष्पावतीबाईंना ते बघवेना. प्रत्येक भाग घरी नेऊन त्यांनी आपल्या बोलीत उतरवला, वर पदरच्या दोन म्हणी घातल्या. पहिले चार भाग गाई आणि ठिबक यांचे होते. पाचव्यात त्या देशाचं सरकार आलं, सहाव्यात त्या सरकारनं शेजारच्या देशावर लादलेली लढाई. ती लढाई शेतकऱ्याच्या भल्याचीच कशी, हे बाईंनी अगदी दूध-भाकरीइतकं सोपं करून सांगितलं. गावाला पटलं. बाई सांगतात म्हटल्यावर का नाही पटणार?

मग एके दिवशी कल्याणनं त्यांच्यापुढं वर्तमानपत्र टाकलं. त्या संस्थेचा सारा खर्च त्याच परक्या सरकारच्या तिजोरीतून चालत होता.

"गुपचूप बंद करू, मावशी," तो म्हणाला. "कोनाला कळनार बी न्हाई. उगं परवान्यावर गदा यायची."

बाईंना संताप आला, आणि खरं सांगायचं तर तो संस्थेवर कमी, स्वतःवर जास्त होता.

"बंद कशाला? त्या सरकारला बोलायचं आसंल तर बोलू दे, लोकं ऐकून ठरवतील. पन त्यानं त्याच्या तोंडानं बोलावं. माझ्या तोंडानं का? आन् मी येडी, कुटून आलं ते न इचारता वाचत बसले!"

कल्याणनं डोकं धरलं, पण दुसऱ्या दिवशी माईक काही बंद केला नाही. कागद कुठून आले, कोणी पाठवले, सारं बाईंनी गावाला सांगितलं. "बोली माझी हुती, म्हननं दुसऱ्याचं हुतं. चुकलं माझं," असं स्पष्ट म्हणाल्या. मग सातवा भाग त्या सरकारचं नाव घेऊन, एक अक्षर न बदलता वाचला. ऐकणाऱ्यांना जांभया आल्या असतील, त्याला इलाज नव्हता.

बाई बाहेर पडल्या तेव्हा जीव हलका झाला होता. वाटेत डेअरीवर राहीबाई भेटल्या. अकरा वर्षांत त्यांनी रेडिओची एक सकाळ चुकवली नव्हती. राहीबाईंनी दुधाची किटली खाली ठेवली.

"लई चांगलं बोललीस आज," त्या अगदी सरळ मनानं म्हणाल्या. "पन हे कोनी लिवून दिल्तं गं?"



"कोनी न्हाई," पुष्पावतीबाई म्हणाल्या. राहीबाईंना ते पटलेलं दिसेना, तेव्हा अकरा वर्षांत पहिल्यांदाच बाईंना आपला शब्द दोनदा सांगावा लागला. "खरंच कोनी न्हाई गं, राहीबाई."