चालत येणाऱ्यांना आत सोडत नाहीत

माझ्याकडे गाडी नाही. एक मोटारसायकल होती, ती धाकट्या भावाला दिली. त्याचं काम सायवनकडच्या पाड्यांवर फिरण्याचं आहे आणि तिकडे एसटीच्या भरवशावर नोकरी होत नाही. मी डहाणूत भाड्याच्या खोलीत राहतो, ऑफिसला चालत जातो, आणि रविवारी समुद्रावर गळ टाकायला जायचं असेल तर चिंचणीच्या बाजूची एसटी किंवा शेअर रिक्षा पकडतो. रॉड घडीचा आहे, पिशवीत मावतो. तरी त्याचं टोक बाहेर राहतंच. एकदा कंडक्टर म्हणाला होता, "काय मास्तर, अँटेना घेऊन चाललात? आमच्या गाडीत रेंज येत नाय, ती पण बघा जरा."

गळ मला वडिलांनी शिकवला, पण नदीवर. बांबूची काठी, दोरा आणि गांडूळ. समुद्र मी कॉलेजला डहाणूत आल्यावर पाहिला, आणि त्यात गळ टाकायचं धाडस नोकरी लागल्यावर केलं. पहिल्याच वर्षी जिताडा लागला. जिताडा ओढतो कमी आणि फसवतो जास्त. पाण्यावर येऊन तोंड उघडतो, मान झटकतो, आणि दोरा जरा सैल पडला की गळ थुंकून निघून जातो. तो पहिला असाच गेला. तेव्हापासून माझे रविवार त्याच्याच नावाने लिहिले आहेत.

ज्याच्याकडे गाडी नाही त्याला दोन वेळापत्रकं सांभाळावी लागतात. एसटीचं आणि पाण्याचं. एसटीची वेळ ठरलेली, भरती मात्र रोज पाऊणएक तास पुढे सरकते. जिताडा लागतो तो ओहोटी संपून पाणी पुन्हा चढायला लागतं तेव्हा, खाडीच्या तोंडाशी, खडकांच्या कडेला. ही वेळ संध्याकाळी उजेड असतानाच येईल आणि परतीची गाडीही मिळेल असे रविवार महिन्यात फार नसतात. त्यांची मी आठवडाभर वाट पाहतो.

माझे खडक डहाणू आणि चिंचणीच्या मधल्या एका गावापलीकडे आहेत. रस्त्यावरून तिथे जायला चिकूची एक वाडी आणि सुरूची झाडं यांच्यामधून पायवाट होती. गावाची वहिवाटीची वाट. त्याच वाटेने एक मावशी कालवं काढायला यायच्या. वय साठीच्या पुढे, डोक्यावर टोपली, कमरेला छोटी कोयती. ओहोटीला त्या खडकांवर बसून शिंपले फोडायच्या, आणि पाणी फिरलं की मी गळ टाकायचो. आमची ओळख वाटेवरच झाली. मी डोंगराकडचा आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मग इकडं कशाला मरायला येतोस? तुमच्या नदीतले मासे संपले का?"

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी गेलो तर वाट नव्हती. वाडी विकली गेली होती. तारेच्या कुंपणाच्या जागी भिंत, आणि वाटेच्या तोंडाशी लोखंडी रुळावर सरकणारं मोठं गेट. आत डांबरी रस्ता, खडकांच्या अलीकडे चार-पाच बंगले. गेटवर वॉचमन. बोलण्यावरून आमच्याच डोंगरातला वाटला.

"गाडी कुठंय?" त्याने विचारलं.

"गाडी नाही. चालत आलोय."

"मग आत नाय जाता येणार. पाहुण्यांच्या गाड्याच आत सोडायच्या, असं सांगितलंय."

"मी एसटीने आलो."

"मग काय, एसटी आत घेऊ?" तो हसला. मीही हसलो. आपल्यातलाच माणूस आहे, ऐकेल, असं वाटलं. पण तो जागचा हलला नाही. तेवढ्यात आतून एक पांढरी गाडी आली, गेट सरकलं, गाडी गेली, गेट बंद झालं. गाडीच्या टपावर चार रॉड बांधलेले होते. माझ्याच खडकांवरून आले होते ते.

मावशी भिंतीच्या सावलीला बसल्या होत्या. म्हणाल्या, "चल, फिरून जाऊ."

फिरून म्हणजे गावाच्या उत्तरेकडून वाळूत उतरायचं आणि एक ओहळ ओलांडून खडकांवर यायचं. ओहोटीला तो ओहळ घोट्याएवढा असतो. भरती सुरू झाली की कमरेच्या वर जातो, आणि त्याच्यात ओढ असते. म्हणजे पाणी फिरताच निघावं लागतं. माझी मासेमारी नेमकी तेव्हा सुरू होते. मावशींची कालवं अर्धीच होतात, कारण त्यांना फिरून यायला आणि जायला दुप्पट वेळ लागतो, आणि गुडघे दुखतात. त्या दिवशी परत येताना ओहळात त्यांचा पाय घसरला. मी दंड धरला नसता तर टोपली गेली असती, आणि टोपलीमागोमाग त्या गेल्या असत्या, कारण त्यांनी टोपली सोडली नसती. पलीकडे आल्यावर त्यांनी मला नाही, भिंतीला शिव्या घातल्या.

आमच्याकडे सध्या जो तो समुद्रात होऊ घातलेल्या मोठ्या बंदराबद्दल बोलतो. बोलायलाच हवं. पण समुद्र असाही जातो, एका गेटाएवढा, आणि त्याची सभा होत नाही.

त्या दिवशी एसटीकडे जाता जाता मी वॉचमनला विचारलं, वाडी कोणाची. त्याने नाव सांगितलं. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

ते नाव माझ्या आश्रमशाळेच्या भिंतीवर संगमरवरात कोरलेलं आहे. आम्ही आधी फरशीवर सतरंजीत झोपायचो, पावसाळ्यात ओल अंगात शिरायची. मी नववीत असताना त्या साहेबांनी मुंबईहून शंभरेक लोखंडी खाटा पाठवल्या. दहावीला त्यांच्यासमोर 'मनोगत' मीच म्हटलं होतं. हेडसरांनी लिहून दिलं, मी पाठ केलं, आणि म्हणताना माझा आवाज खरंच भरून आला होता. ते ढोंग नव्हतं. घरात पहिला पदवीधर मी झालो त्यात त्या खाटेचा वाटा आहे, हे मी आजही कोणापुढेही सांगेन. म्हणूनच राग आला. परक्याने वाट अडवली असती तर मी भांडलो असतो. इथे माझं तोंड आधीच आभार मानून बसलेलं होतं.

महिनाभर मी गप्प राहिलो. मग हेडसरांचा फोन आला. शाळेत नवं सभागृह झालं होतं, उद्घाटनाला साहेब येणार होते.

"माजी विद्यार्थ्यांतर्फे तू बोल," सर म्हणाले. "पाच मिनिटं. नेहमीसारखं."

"सर, नेहमीसारखं जमेल असं वाटत नाही."

"अरे, तुला न जमायला काय झालं? तुझ्यासारखं मनोगत नंतर कोणी म्हटलंच नाही."

गेलो. शाल, नारळ, दीपप्रज्वलन, मुलींचं स्वागतगीत. मुलं रांगेत मांडी घालून बसली होती, अगदी आम्ही बसायचो तशी, गुडघ्याला गुडघा लावून. मी उभा राहिलो. खाटांचे आभार मानले, नाव घेऊन मानले. मग म्हणालो, "साहेब, तुम्ही आम्हाला झोपायला खाट दिलीत. तुमच्या वाडीच्या शेजारून समुद्राकडे जाणारी गावाची वाट होती. ती गेटाने बंद झाली आहे. पायी येणाऱ्यांना आत सोडत नाहीत. एक म्हातारी बाई त्यामुळे पाण्यात जाता जाता राहिली. ती वाट सगळ्यांसाठी उघडा, एवढीच विनंती."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती प्रत्येक वाक्याला वाजवत होती. मोठ्यांपैकी कोणी हललं नाही. हेडसर पायातल्या चपलेकडे बघत होते.

साहेब उठले, हसत. त्यांनी माईक हातात घेतला आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "बघा, असा निर्भीड मुलगा या शाळेने घडवला! अरे, तू तर माझाच मुलगा. आधी सांगायचंस ना. आज मी सर्वांसमोर शब्द देतो, तुझ्यासाठी ते गेट कधीही उघडेल. फक्त तुझं नाव सांग."

आता मोठ्यांनीही टाळ्या वाजवल्या. जोरात. कोणीतरी म्हणालं, "धन्यवाद म्हण!" आणि मी म्हटलं. तोंडातून आपोआप गेलं, इतक्या वर्षांच्या सवयीने. खाली येऊन बसलो तेव्हा कान तापले होते. मी सगळ्यांसाठी मागितलं होतं आणि मला एकट्याला देऊन त्यांनी माझी मागणी संपवली होती, तीही माझ्याच तोंडून आभार वदवून घेऊन.

पुढच्या सोयीच्या रविवारी मी आणि मावशी गेटापाशी पोचलो. वॉचमन धावतच आला.

"सर, या या. तुमचं नाव कळवलंय साहेबांनी. या."

गेट हातभर सरकलं. मावशी पुढे झाल्या. त्याने हात आडवा केला.

"ह्या आजी नाय. एकच नाव हाय."

"माझ्यासोबत आहेत," मी म्हणालो.

"सर, माझी नोकरी जाईल."

"जा तू," मावशी मला म्हणाल्या. "तुझा जिताडा काय माझ्यासाठी थांबणार हाय? मी जाते फिरून."

"मी नाही जात."

"का नाय जात? तुझ्या रागानं माझी टोपली भरते का?"

गेट पुन्हा बंद झालं. आम्ही तिघं तिथेच उभे, कोणालाच काय करावं कळेना. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. मोठी काळी गाडी, मुंबईचा नंबर. वॉचमनने गेट पूर्ण सरकवलं. गाडी आत शिरली आणि तिच्या बाजूने, दाराला जवळजवळ हात लावत, मावशीही शिरल्या. सरळ, मान ताठ, जणू गाडीतूनच उतरल्या. वॉचमन ओरडला, "ओ आजी!" आणि गेट ओढायला लागला. मावशींनी मागे वळून रिकामी टोपली रुळावर ठेवली. गेट टोपलीला येऊन थांबलं.

"मोड आता," त्या म्हणाल्या. "मोड ना. नवीन घेऊन दे मग."

त्याने नाही मोडली. मी आत गेलो, टोपली उचलली आणि दोघं खडकांकडे चालू लागलो. मागे तो फोनवर बोलत होता.

त्या दिवशी मावशींनी मनासारखी कालवं काढली. पाणी फिरलं तेव्हा मी जिवंत कोलंबी लावून गळ टाकला. सूर्य टेकायला आला असताना जिताडा लागला, दोन किलोच्या आसपासचा. त्याने पाण्यावर येऊन मान झटकली. मी दोरा ताणून धरला. खडकावर ओढून घेताना त्याच्या कल्ल्याच्या धारेने माझं बोट कापलं. मावशींनी रक्त बघितलं आणि म्हणाल्या, "मासा चांगला हाय." इतकंच. पण आनंद झाला नाही. हातात इतकी वर्षं हवा असलेला मासा, आणि डोक्यात फक्त गेट.

परत आलो तर गेटाला कुलूप. ओहळ एव्हाना भरला होता, दुसरी वाट नव्हती. वॉचमन आतल्या बाजूला आमच्यासोबतच उभा होता, हातात फोन, स्पीकर चालू.

"साहेब म्हणतात, आधी माफी मागायला लाव, मग सोड," तो आमच्याकडे न बघता म्हणाला.

"कशाची माफी?" मी विचारलं.

फोनमधून साहेबांचा आवाज आला. शांत, सभागृहात होता तसाच. "तुला मी दार उघडं केलं होतं. तू काय केलंस? कृतज्ञता म्हणून काही असते की नाही? मी पोलिसांना बोलावत नाहीये, हे लक्षात घे. फक्त चुकलं म्हणा दोघं, आणि जा."

मावशींनी टोपली डोक्यावर नीट केली. फोनजवळ तोंड नेलं आणि बाजारात गिऱ्हाईकाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "चुकलं बाबा! पायानं चालत आले!"

वॉचमनला हसू आवरेना. तोंड फिरवून त्याने कुलूप काढलं, गेट सरकवलं, आणि फोनमध्ये घाईघाईने म्हणाला, "मागितली साहेब, दोघांनी मागितली." मला हाताने खूण केली, निघा, निघा. त्याने मला वाचवलं होतं. मला फक्त गप्प राहायचं होतं.

मावशी बाहेर गेल्या. मी त्यांच्या मागे गेटाच्या बाहेर पाऊल टाकलं, आणि तिथून वळून, फोनला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "मी नाही मागितली, साहेब."

वॉचमन माझ्याकडे बघत राहिला, त्या नजरेत राग होता, आणि तो रास्त होता. "सर, तुमचं ठीक हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "मला उद्या परत इथंच उभं राहायचंय." मग फोन कानाला लावून तो आत वळला आणि एका हाताने गेट ओढू लागला.