कोकराचा प्रश्न घेऊन सोलापूरला

सोलापूरला जायचं मी ठरवलं ते नातीचं तोंड बघून. सुवर्णाची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. सहा वर्षं गणितात घातलेली, आणि महिन्यापूर्वी सरावाला उभी केली तर पोरगी फळ्यापुढं मुकी. आताही तोंड उघडलं नाही तर पदवी लांबणार, असं तिच्या सरांनी सांगून टाकलेलं. माझा लेक म्हणाला, "आये, तू जाऊन काय करनार?"

"बसनार. खुर्च्या हायत म्हनं तितं."

सांगोल्यातनं सकाळची एसटी धरावी. बायकांना अर्धं तिकीट आहे. उजवीकडची खिडकी घेऊ नये, पार सोलापूरपर्यंत ऊन तोंडावर येतं. मी घेतली. मंगळवेढ्याला गाडी थांबते तेव्हा चहा प्यावा, भजी खाऊ नयेत. तीही मी खाल्ली.

गाडीत सुवर्णाला म्हणाले, "सहा वर्षं करतीस काय, एकदा नीट सांग."

"आज्जी, दोन अक्षरं धर, अ आनि ब. दोगांची उलटी पन हायत. अ च्या शेजारी उलटा अ आला की दोनी खोडायची. पुढं एक पाऊल, मागं एक पाऊल. दुसरा नियमच न्हाय, म्हनून मुक्त गट."

"नियमच न्हाय तर सहा वर्षं कशाला लागली?"

पुढच्या सीटवरचा माणूस हसला. सुवर्णा नाही.

"त्यातले थोडे शब्द घ्यायचे. ते जोडून, उलटे करून जेवढे बनतील तेवढ्यांचा एक कळप. मग कुनी नवा शब्द आनला, तर तो आपल्या कळपातला हाय का न्हाय? ह्ये कधीतरी थांबून सांगनारी पक्की रीत पायजे. त्यासाठी मी शब्दांतलं जवळ-लांब मोजायची एक तऱ्हा वापरते."

"म्हंजे आपल्या मेंढरांचंच काम की."

"आज्जी, झोप जरा."

स्टँडवरनं विद्यापीठ लांब आहे. रिक्षावाल्याला भाडं आधी विचारावं आणि तो सांगेल त्यावर हसावं. थोडं उतरतं.

परीक्षेची खोली गार होती. सुवर्णा पडद्यावरचं वाचत होती तोवर बरं चाललं. मग परीक्षा घ्यायला आलेले परगावचे सर म्हणाले, "चिन्हं बाजूला ठेवा. साध्या भाषेत सांगा. बाहेरचा शब्द आला, तर तुमची रीत थांबते कशावरून?"

झालं. पोरगी खडू फिरवत उभी. तिच्या सरांनी चष्मा पुसायला घेतला. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, "उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

हे नुसतं म्हणायचं असतं, विचारायचं कुणी नसतं, हे मला नंतर कळलं. आमच्याकडं चार माणसांत असं विचारल्यावर जो गप्प बसतो, मेंढरू त्यानंच लपवलेलं असतं. मी उठले.

"मला इचारायचं हाय. पान्यावर दोन कळप मिसळले. एक कोकरू उरलं. आपल्या मेंढ्यांत सोडलं. आईनं जवळ घेतलं तर आपलं. न्हाय घेतलं, तर वाट किती बघायची?"

सुवर्णानं घरी देते तसं चिडून उत्तर दिलं.

"नुसती वाट बघत बसलीस तर जलमभर, आज्जी. एकानं आई हुडकायची, दुसऱ्यानं त्याच येळंला कानाची खूण बघायची. खूण दुसऱ्या घरची निघाली की कोकरू आपलं न्हाय."

"आन् खूण घावंलच कशावरून?"

"त्येच तर मी सिद्ध केलंय. माझ्या तऱ्हेनं मोजल्यावर कळप बंद निघतो. बंद म्हंजे, बाहेरच्या परत्येकाची मोजक्या खुणांत एक तरी वेगळी खूण घावतीच. मग दोगांतला एकजन थांबतोच की."

एवढं बोलून ती दचकली. मग परगावच्या सरांकडं वळून हेच सगळं पुस्तकी भाषेत सांगायला लागली, ती थांबेचना. सरांनी मान डोलावली आणि माझ्याकडं बघितलं. "आजी, खुणाच नसतील तर?"

"मग भांडान."

"त्याला अनिर्णेय म्हणतात, सर," सुवर्णा म्हणाली. "माझं तिसरं प्रकरण."

पदवी द्यावी असं तिथल्या तिथं ठरलं. नंतर आम्ही कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाल्लं. चटणी कुटलेली मागावी, मिक्सरची घेऊ नये. एक चादर घेतली. दुकानदार आत तेलुगूत बोलून यायचा आणि बाहेर मराठीत भाव सांगायचा. दोन्हीकडं तो पक्का होता.

परतीच्या गाडीत सुवर्णानं विचारलं, "तुला उत्तर ठावं व्हतं. मग इचारलंस कशाला?"

"आई हुडकायची तर कोकराला आदी वरडाया लागतं. तू वरडंनास."

चटणी दोन दिवसांत संपली. चादर जाड आहे, थंडीपर्यंत ट्रंकेत राहील. प्रबंधाची एक प्रत फळीवर ठेवली आहे. पानं चाळली, कोकरू कुठं दिसलं नाही, आई तेवढी दिसली. आईचं नाव पहिल्या पानावर आहे, माझ्या सुनेचं.

लेकानं विचारलं, "आये, काय केलंस मग तितं?"

"बसले व्हते," मी म्हणाले. "मदी एकदा उटले."