ताईच्या भुवया

कल्पना करा, तुमचा गुडघा ठणकतोय आणि मोबाइलवरून डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्यायची आहे. समोर एकाच पानावर डॉक्टरांची नावं, तारखा, वेळा आणि रंगीबेरंगी बटणं. बोट आधी कुठे जाईल?

एका दवाखान्यासाठी हे पान आमच्या ऑफिसातल्या ताईनं केलेलं. दिसायला देखणं. तिच्या कामाला कधी कुणी नावं ठेवली नव्हती. मग तिची सख्खी धाकटी बहीण मानसशास्त्र शिकून आमच्याकडेच नोकरीला लागली. "ताई, माणसाच्या डोक्यात एका वेळी थोडंच मावतं. एका पानावर एकच प्रश्न विचार ना," ती म्हणायची, आणि साहेब मान डोलवायचे. ताईचा जळफळाट व्हायचा. डबे दोघींचे एकाच आईनं भरलेले, तरी सगळे धाकटीचाच उघडतात, याचासुद्धा तिला राग.

शेवटी साहेबांनी धाकटीलाही तिच्या पद्धतीनं पानं करायला लावली आणि म्हणाले, "दोघींची पानं वयस्कर माणसाला देऊन बघू. जे लवकर जमेल, ते दवाखान्याला द्यायचं."

चाचणीला आम्ही घरचीच माणसं बोलावतो. या वेळी दोघींची आत्या आली. नियम असा, की पान करणारीनं शेजारी बसायचं, पण गप्प, आणि हात मांडीखाली दाबून. म्हणजे बोट दाखवायचा मोह होत नाही. साहेबांना पलीकडच्या खोलीत फक्त मोबाइलचा स्क्रीन दिसतो.

धाकटीच्या पानांवर आत्या एकेक उत्तर देत सरळ पुढे गेली. "झालं? एवढंच?"

ताईच्या पानावर आत्याचं बोट हवेतच राहिलं. तिनं ताईच्या तोंडाकडे बघितलं. बोट 'रद्द करा'कडे वळलं, ताईच्या भुवया वर गेल्या. बोट बाजूला सरकलं, भुवया खाली आल्या. असं करत अपॉइंटमेंट मिळाली, तीही धाकटीच्या पानांपेक्षा कमी वेळात.

"ताईचं पान पाठवा!" साहेब पलीकडून ओरडले.

धाकटी हळूच म्हणाली, "हात दाबलेस गं, पण दवाखान्यात तुझ्या भुवया कोण बसवणार?"

ताईनं जिन्यात आत्याला गाठलं. "आत्या, तू सारखी माझ्याकडे का बघत होतीस?"

"चष्मा कुठे ठेवला गं मी?" म्हणत आत्या पिशवी चाचपत उतरत राहिली.

ताईचं पान आता दवाखान्यात चालू आहे. चहा घेताना ती अजून मला विचारते, "आत्या अडली म्हणून बघत होती, की मी हरणार हे तिला दिसलं म्हणून मुद्दाम?"