वाकता आलं पायजे

खाली पडलेली वस्तू उचलताना माझी मोठी बहीण गुडघे वाकवत नसे. पाय काठीसारखे सरळ ठेवून ती कमरेतून एकदम जमिनीशी जायची. सुई असो, तांदळाचा दाणा असो, पोरांचा खडू असो. वस्तू उचलून झाली की तळहात क्षणभर फरशीला टेकवायचा आणि मग सावकाश वर यायचं. कुणी विचारलं तर म्हणायची, "भुईले हात लागला पायजे. दिवसातून एकदा तरी. नाई तं भुई इसरते आपल्याले."

आम्ही तिला बाई म्हणत असू. ती मला बापू म्हणायची. पन्नाशी उलटलेल्या, चंद्रपूरच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाला बापू म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तिचं ते वाकणं धानाच्या रोवणीतून आलेलं होतं. चामोर्शीकडे आमचं गाव, बाईचं सासरही तिथलंच. पावसाळा मुरला की चिखल केलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, बायका ओळीनं उतरतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी धरायची, उजव्या हातानं रोपं खोचायची आणि एकेक पाऊल मागं सरायचं. दिवसभर मागं मागं. आई लवकर गेली, तेव्हा मला बाईनंच वाढवलं. ती रोवणीला जाताना मला बांधावर बसवून ठेवायची. पलीकडच्या टोकाला ती सुरुवात करायची आणि पाठमोरी सरकत माझ्यापर्यंत यायची. जवळ आली की न वळताच हात मागं करून माझ्या नाकाला चिखल लावायची. लहानपणी मला बाईचा चेहरा कमी आणि पाठ जास्त दिसली, असं म्हटलं तरी चालेल.

भाऊजी वारल्यावर मी तिला चंद्रपूरला आणलं. मूलबाळ नव्हतं. "आता काही करायचं नाही, फक्त बसायचं," मी तिला सांगितलं, आणि ते मोठ्या अभिमानानं अमलात आणलं. ओट्यावर गॅस होताच. कपड्यांचं मशीन घेतलं, दांड्याचा पोछा आणला, जेवायला टेबल आणलं, तिच्या खोलीला लागून कमोड बसवला. घरात तिला जमिनीपर्यंत जावं लागेल अशी एकही जागा मी शिल्लक ठेवली नाही. पाहुण्यांना हे सगळं फिरवून दाखवायचो. तिच्या पाठीवर उभा राहून मी शिकलो होतो. ती सोफ्यावर बसलेली दिसली की माझ्या छातीवरचं काहीतरी हलकं व्हायचं. तो आराम तिच्यापेक्षा मलाच जास्त हवा होता.

एके दिवशी तिच्या हातून चमचा पडला. ती वाकू लागली आणि अर्ध्यातच थांबली. मग पायाच्या अंगठ्यानं चमचा जवळ ओढायला लागली. ते जमेना तेव्हा म्हणाली, "बापू, तेवढा चमचा दे गा." मी दिला आणि पुन्हा पेपर उघडला. ती बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसली होती.

त्याच रात्री जेवताना ती म्हणाली, "औंदा रोवणीच्या आंधी मले गावाले नेऊन दे. आन् मंग वापस आणू नको."

"एकटी कशी राहशीन? चमचा उचलता येत नाई तुले."

"तं का सोफ्यावर पेरून ठेवशीन मले? कोंब बी नाई येत इथी."

मी चिडलो. "एक बांधी रोवून दाखव. एक. मंग राह्य तिकडं जलमभर."

"बोलला?"

"बोललो."

तिनं माझ्या बायकोकडे पाहिलं. "सुनंदा, तू आयकली वो. मंग हा मास्तर धडा बदलवंल."

गुडघे तपासून डॉक्टर म्हणाले, आधी चालायला लागा. चालायचं कुठं, हा प्रश्न होता. आमच्या कॉलनीमागचा रस्ता झुडपांतून जातो. तिथं बिबट्या दिसल्यापासून पहाटेचं फिरणं बंदच झालं होतं. बायका गच्चीवर गोल गोल फिरायच्या आणि चक्कर आली की खाली यायच्या. मग सुनंदानं एका जिमचं नाव काढलं. रंगाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती, दारावर 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी. तिला स्वतःलाच कधीपासून जायचं होतं, पण एकटीला लाज वाटत होती. बाईच्या निमित्तानं दोघींनी नावं घातली.

पहिल्या दिवशी बाई निघाली ती वर लुगडं, खाली सुनंदानं आणलेली काळी पँट आणि पायात पांढरे बूट अशी. जिन्यात उभ्या असलेल्या बायकांना तिनं हात जोडून "जयभीम" केला आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढली. मी खालच्या पायरीवर बसलो. पुढं रोज सकाळी माझी जागा तीच. आत काय आहे ते मी आजतागायत पाहिलेलं नाही. जे सांगतो आहे ते त्या दोघींच्या तोंडून ऐकलेलं.

शिकवणारी मुलगी शिप्रा. मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतली, एकेकाळी कबड्डी खेळलेली. तिनं सवयीनं विचारलं, "मावशी, वजन किती कमी करायचं?"

"मले बारीक नाई व्हाचं वो. बारीक होऊन का उडून जाऊ? मले वाकता आलं पायजे."

"वाकून काय करणार?"

"रोवणी."

हसणाऱ्या बायका हसल्या. शिप्रा हसली नाही. "माझी माँ पण धान लावते," ती म्हणाली. "आधी मांड्या मजबूत करू. मग कंबर."

चालत्या पट्ट्यावर बाईला चढवलं तेव्हा ती दोन मिनिटांत उतरली. घरी येऊन मला म्हणाली, "पट्टा चालून राह्यला, मी चालून राह्यली, आन् दोघंबी तिथीच्या तिथी. आन् तोंड समोर. मले तं मागं जा लागते." तिनं शिप्राला विचारलं, हे यंत्र उलटं चालते का. शिप्रानं पट्टा बंद केला आणि तिला मोकळ्या फरशीवर उभं केलं. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं मूठभर हातात दिली. वाकायचं, झाकण फरशीवर ठेवायचं, एक पाऊल मागं. सुरुवातीला बाईचा हात गुडघ्याच्या खाली जात नव्हता. झाकणं ठेवली जात नव्हती, टाकली जात होती. "हे रोवणं नाई, हे पेरणं होऊन राह्यलं," ती म्हणायची.

उन्हाळा चढत गेला. चंद्रपूरच्या उन्हात सकाळी आठलाच पायरी तापायची. एक दिवस वरून नेहमीची हिंदी गाणी बंद पडली आणि बाईचा आवाज आला. रोवणीचं गाणं म्हणत होती. तिच्यामागून चार-पाच आवाज अडखळत जुळले. सुनंदानं नंतर सांगितलं, आता बाईच्या शेजारी ओळ लागते, रोवणीत लागते तशी पात. बँकेतली, दवाखान्यातली, एक वकिलीणबाई, सगळ्या वाकून झाकणं लावत मागं सरकतात, आणि बाई ओरडते, "पात सोडू नका वो. वकिलीणबाई, तुमची रोपं वाकडी चालली."

सुनंदा हे हसत सांगत होती. मला हसू येईना. बाई बरी होत होती, आणि बरी होत होती ती जाण्यासाठी. हे मला खाली बसून ऐकू येत होतं. पुढच्या आठवड्यात मी "आज शाळेत लवकर जायचं आहे" असं म्हणालो. दुसऱ्या दिवशी स्कूटर चालू होत नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी कारण शोधत बाहेर आलो तर बाई बूट घालून फाटकाशी उभी.

"राहू दे, बापू. माझे पाय चालू झाले."

ती सुनंदाला घेऊन चालत निघून गेली. मला ती रागावली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

रोवणीला आम्ही तिला गावी नेलं. तिची जमीन भाऊजींचा पुतण्या करत होता. बांधीत उतरताना गावातल्या बायकांनी तिला सोडलं नाही. "काय वो, चंद्रपूरच्या मॅडम, बूट काढाचे राह्यले का?"

"बूट तुमच्या सुनेले ठेवले," बाई म्हणाली. "तिचे पाय लई नाजूक."

रिपरिप चालू होती. सगळ्यांनी डोक्यापासून पाठीवर एकसारखं पांढरं प्लास्टिक बांधलेलं. त्या शिवारात वाघीण फिरत होती, म्हणून बांधावर काठी घेऊन कुणीतरी उभं राहायचं आणि मधूनमधून डबा वाजवायचा असा रिवाज पडला होता. त्या दिवशी काठी माझ्या हातात दिली. ओळ पलीकडच्या टोकाला लागली आणि पाठी माझ्याकडे करून हळूहळू सरकू लागली.

बाई कोणती, ते मला ओळखू येईना. सगळी प्लास्टिकं सारखी, सगळ्या पाठी सारख्या. मग ओळीतली एक जण मागं पडताना दिसली. दर थोड्या वेळानं ती उभी राहायची, कमरेवर हात ठेवायची, पुन्हा वाकायची. तीच, मी मनाशी म्हणालो. डबा वाजवायचं विसरून मी तिच्याकडेच बघत राहिलो. ती थांबली की मला बरं वाटत होतं आणि तसं वाटल्याबद्दल पायाखालचा बांध खचावा असंही वाटत होतं. एकदा ती बराच वेळ उभीच राहिली. "पुरे झालं, बाई," अशी हाक मी मारणारच होतो. तेवढ्यात तिनं तोंड वळवलं. पुतण्याची नवी सून होती ती.

आणि माझ्या पायाला काहीतरी थंड लागलं. खाली पाहिलं तर चिखलानं भरलेली एक टाच माझ्या चपलेला टेकली होती.

"सरक गा, बापू. बांधी सरली."

बाई सावकाश सरळ झाली. धापा टाकत होती. ओळीतल्या बाकीच्या अजून दोन हात लांब होत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या पँटला दोन्ही हात नीट पुसले आणि म्हणाली, "डबा काऊन वाजवत नाई तू? वाघ आला असता म्हंजे?"

परत येताना गाडीत मी आणि सुनंदा दोघंच होतो. पांढरे बूट तिनं खरंच त्या सुनेला देऊन टाकले होते.

बाई गावीच राहिली. काही पावसाळे रोवणीला गेली, नंतर बांधावर बसून दुसऱ्यांच्या पाती वाकड्या ठरवायला लागली. एका हिवाळ्यात, मळणी आटोपल्यावर, अंगण झाडता झाडता खाली बसली ती उठली नाही. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या उजव्या तळहाताला अंगणातली माती होती. ती कुणी पुसली नव्हती. मीही पुसू दिली नाही.

सुनंदा अजून जिमला जाते. शेवटची दहा मिनिटं तिथं अजूनही ओळ लागते आणि तिला बाईची पात म्हणतात. मी पायरीवर बसतो. वरून पावलं मागं सरताना ऐकू येतात.

वर्गात हातून खडू पडला की तो उचलून मी तळहात फरशीला टेकवतो. पोरं हसतात. गुडघे वाकवल्याशिवाय मात्र मला ते अजून जमत नाही.