आधी ऑफिस, मंग कॉलेज

तुमच्या गावात विद्यापीठ होतं म्हणते ना, असं कोणी विचारलं का माया डोस्क्याले तापच येते. होतं ना बाप्पा! भिंती होत्या.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष मधुकरराव. गावात विद्यापीठ काढतो म्हणून त्याईनं त्र्याहत्तर साली सगळ्यात आधी मुख्य ऑफिस बांधलं. वर्ग नाई, मास्तर नाई, पोट्टे नाई, पण ऑफिस! अकरा खोल्या, पोर्च, घंटा. अन् चपराशी माया बाप, तानबा. रोज दहाले कुलूप उघडे, टेबलं पुसे, घंटा वाजवे. कोनासाठी वाजवता, म्हटलं तर म्हणे, "उद्या कॉलेज सुरू झालं तर? सवय पाहिजे व."

अठ्ठ्याहत्तरात मी मॅट्रिक पास झाली. वर्ध्याच्या कॉलेजात नाव घालाचं होतं. फॉर्म भरला, अन् पाह्यते तर पेटीत शाळेचा दाखला नाई!

"आपल्या ऑफिसात जमा केला," बाबा हासून म्हणे. "पहिला अर्ज तुया. फाइल नंबर एक. शिक्काबी मारला."

"अवो बाबा, कॉलेज कुठी हाय?"

"ऑफिस आलं, मंग कॉलेज येनारच."

"मले वापस द्या!"

"जमा झालेला कागद अध्यक्षाच्या सहीबिगर निंगत नाई."

अध्यक्ष तं कवाचेच नागपूरले राहाले गेलते. बाबांनी तीन चिठ्ठ्या लिवल्या, जवाब नाई. शाळेत दुसरा दाखला मागावा, तर हरवला म्हणून लिहून द्या लागे. बाबा म्हणे, खोटं लिवू नोको! कपाटाची चाबी त्याईच्याच कमरेले. मी रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाई. माय म्हणे, "काढा ना तो कागद, पोरीचं साल जाऊन राह्यलं!" साल गेलं. दुसरंबी गेलं. मंग कारंज्याले माहं लगन झालं.

शहाऐंशीत संस्थेनं ते ऑफिस धान्याच्या गोदामाले देऊन टाकलं. बाबा मोटारीनं कारंज्याले आले. मी चुलीपाशी, कडेवर पोरगं. त्याईनं पिशवीतून फाइल काढली. त्या कपाटात तेवढीच एक फाइल होती.

"रुख्मे, अध्यक्षाची सही भेटली व. कागद सुटला तुया."

मी वरडलीच, "आता काय करू याचं? आठ सालं, बाबा!"

बाबा टोपी हातात घेऊन उभेच राह्यले. मी पाट मांडला, तरी बसले नाई.

"चाबी मायाजवळच होती व," ते म्हणाले.