तिसऱ्या ग्लासातली वाइन

माझ्या नवऱ्याला वास येणं बंद झालं, त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. साध्या तापातून उठला आणि चहाचा वास येईना. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, कदाचित येईल परत. आला नाही. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या केमिकल प्लांटमध्ये तो इंजिनिअर होता. तिथे गॅस गळला तर वासानं कळायला हवं, म्हणून त्यानं स्वतःहून सांगितलं आणि कंपनीनं त्याला प्लॅनिंगच्या टेबलावर बसवलं. बाहेर मात्र त्यानं हे एकाच माणसाला सांगितलं होतं, पुण्यातल्या कॉलेजपासूनच्या मित्राला.

हा मित्र मरीन परेडच्या काँडोत राहायचा. त्या वर्षी त्यानं वाइन चाखायचा कोर्स केला होता आणि एका रविवारी दुपारी आम्हाला घरी बोलावलं. वाइन ओळखायची तर नाकच लागतं, तू तिथे काय करणार, असं मी विचारलं. मित्र आहे, सांभाळून घेईल, असं नवरा म्हणाला. तरी पुंगोलच्या आमच्या घरून निघाल्यापासून तो फोनवर वाइनबद्दल वाचत होता.

तिथे मित्राच्या ऑफिसमधली दोन जोडपी आधीच आली होती. सिंगापूरच्या हवेत रेड वाइन कोमट होते, म्हणून बाटल्या थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. पहिली ऑस्ट्रेलियाच्या गरम भागातली. दुसरी थंड भागातली, कॅबर्ने, मर्लो आणि आणखी एका द्राक्षाची मिळून केलेली. मित्र पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग दाखवत होता. थंड हवेत द्राक्षं सावकाश पिकतात, त्यामुळे आंबटपणा टिकतो आणि ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास येतो, असं त्यानं समजावलं. मला तो वास खरंच आला. मोडलेल्या ओल्या देठासारखा. नवराही ग्लास फिरवून हुंगत होता आणि वाचलेले शब्द बेताबेतानं बोलत होता. मधेच त्यानं मला हळूच डोळा मारला. कित्येक महिन्यांत तो इतका खुशीत नव्हता.

मग मित्र स्वयंपाकघरात गेला आणि तिसरा ग्लास भरून आणला. एकच. येताना तो त्या दोन जोडप्यांच्या मागून वळसा घालून आला. त्यातल्या एका बाईनं नाकाला रुमाल लावला. मला वाटलं, सर्दी असेल.

हीच थंड भागातली वाइन, फक्त बाटली कालपासून उघडी आहे, असं सांगून त्यानं ग्लास माझ्या नवऱ्यापुढे ठेवला. काय बदल झालाय ते तू सांग, म्हणाला.

नवऱ्यानं हुंगलं, मोठा घोट घेतला, तोंडात घोळवला. मिरचीचा वास आता मागे गेलाय, चेरी पुढे आलीय, जरा खारट झाक आहे, असं तो बोलत राहिला. सगळे खाली बघत होते. मग त्यानं ग्लास माझ्याकडे सरकवला. "घेऊन बघ. तुला आवडेल."

ग्लास तोंडाजवळ नेताच मला भपकारा आला. सुकटीचा. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी भाजतात तो. आम्ही दोघं अंडंसुद्धा खात नाही. मित्राला हे कॉलेजपासून माहीत होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. नवराही बघत होता, पण वेगळ्या तऱ्हेनं. मी घोट घेतला, गिळला आणि चांगली आहे म्हणाले.

मित्राचा चेहरा पडला. माझ्यामुळे त्याची गंमत फुकट चालली होती. "वहिनी, पुरे आता," तो म्हणाला आणि नवऱ्याकडे वळला. "अरे, त्यात सुकटीचं पाणी आहे. पाच मिनिटं तू सुकटीचं वर्णन करतोयस."

ते सगळे हसले. रुमालवालीसुद्धा. नवराही हसला, सगळ्यात उशिरा थांबला. त्यानंतर तो तास-दीड तास तिथे बसला, चीज खाल्लं, मित्राच्या नव्या सोफ्याची चौकशी केली. निघताना मित्रानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. त्यानं तो झटकला नाही.

घरी परतताना बसमध्ये मी नवऱ्यापाशी मित्राबद्दल वाट्टेल ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला वास आला होता ना?"

"हो."

"मग प्यायलीस का?"

तू सगळ्यांसमोर उघडा पडू नयेस म्हणून, असं मी सांगितलं.

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्यानं चेष्टा केली. तू कीव केलीस. चेष्टा चालते मला."

मित्राकडे तो नंतरही जात राहिला, एकटा. त्या दिवसापर्यंत घरात त्याचं नाक मी होते. दूध नासलंय का, शर्टाला घामाचा वास मारतोय का, फोडणी करपली का, सगळं तो मला विचारायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात उभी असताना त्यानं दुधाची बाटली उघडली आणि टेबलाशी बसलेल्या आमच्या सात वर्षांच्या मुलीच्या नाकाशी धरली.

"ओके लाह, बाबा," ती इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली.

त्यानं तेच दूध माझ्याही चहात घातलं, कप माझ्यापुढे ठेवला आणि ऑफिसच्या बससाठी निघून गेला.