चिठ्ठी न मागता

मुलांनो, आज कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाला झेंडूचा नवा हार दिसला. महिनाभर बंद असलेले दुकान उघडले होते.

आपल्याकडे भांडी घासणाऱ्या सुनंदाचा नवरा गणपत बाजारात पोती वाहायचा. पाठ दुखते म्हणून तो इथूनच दुखण्यावरच्या कडक गोळ्या चिठ्ठीशिवाय घ्यायचा, बरोबरच्या हमालांनाही आणून द्यायचा. पकडले दोघांनाही, आणि गेल्या महिन्यात खटल्याचा निकाल लागला. दुकानदाराला दंड झाला आणि महिनाभर परवाना गेला. गणपतला मात्र अमली पदार्थांच्या कायद्याखाली दहा वर्षांची कैद झाली.

मी मुद्दाम डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली.

दुकानदार हसला. “आजी, तुम्हाला कसली चिठ्ठी? गुडघ्याच्या गोळ्या ना, काढून ठेवल्यात.”

“गणपतलाही असंच म्हणायचात ना?”

“त्याचं सोडा हो. तो विकत होता.”

“आणि तुम्ही काय, प्रसाद वाटत होतात?”

रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या बाई हसल्या. मला संताप आला होता, आणि तो राग माझ्यावरही होता. वर्षभर मी गुडघ्यासाठी याच कडक गोळ्या चिठ्ठीशिवाय आणल्या, तारखा लिहून डब्यात लावल्या. उरलेल्या ‘गणपतला दे’ म्हणून सुनंदाला दिल्या. मला कोणी काही विचारले नाही. चष्मा, इस्त्रीची साडी आणि इंग्रजी सही पाहिल्यावर कोण विचारणार?

गोळ्या तिथेच ठेवून मी लंगडत घरी आले. सुनंदाने भांडी पालथी घालत विचारले, “आणल्या का गोळ्या, आजी?”

“नाही.”

“मग पाय दाबून देऊ?”

मी पाय साडीखाली ओढून घेतले.